पहाडगाडीत विमलताईच्या शेजारी

वाईहून निघाले त्या सकाळी आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. माझी वळकटी आणि पत्र्याची पेटी दाराशी तयार होती, एस.टी.ला अर्धा तास होता, आणि आईला जे बोलायचं होतं ते तिनं नेमकं त्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवलं होतं.

"नागपूरला जातेच आहेस, तर नंदनवनात डोकावून ये," सुपातून मान वर न करता ती म्हणाली.

"त्या घराची पायरी मी चढणार नाही."

"बारा वर्षं झाली, कुंदा."

"चोवीस होऊ देत."

नंदनवन ही नागपूरच्या पूर्वेकडची वस्ती. तिथे माझी मावसबहीण विमलताई राहते. मावसबहीण हे आपलं सांगण्यापुरतं. तिचे आईवडील ती पाच वर्षांची असताना गेले आणि ती आमच्याच घरात वाढली, माझ्याच ताटात जेवली. लग्न होऊन ती नागपूरला गेली तेव्हा मी दोन दिवस अन्नाला शिवले नव्हते. बारा वर्षांपूर्वी अण्णा, म्हणजे माझे वडील, आठ दिवस राहून येतो म्हणून तिच्याकडे गेले आणि तिथेच तापानं आजारी पडले. आईचा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये होता. एक तार आली असती तर मी मिळेल त्या गाडीनं, उभ्यानं गेले असते. तार आली ती थेट अण्णा गेल्याची. मी पोचले तेव्हा राख सावडून झाली होती. अण्णा पाच दिवस अंथरुणाला खिळून होते हे मला शेजारच्या बाईकडून कळलं. मी विमलताईच्या दारात उभी राहिले, "माझा बाप तू माझ्यापासून चोरलास" असं चारचौघांत म्हणाले आणि पाणीही न पिता परत फिरले. ती एक शब्द बोलली नाही. आईनं तिला वर्षभरात माफ केलं, पत्रंही सुरू केली. मला ते जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर जमवावंसं वाटलंही नाही.

आईला त्या आठवड्यात आणखी एक घोर लागला होता. मी गच्चीवर कपडे वाळत घालत असताना एका कावळ्यानं सरळ माझ्या डोक्यावर झडप घातली होती. नखं लागली, थोडं रक्त आलं. आईनं मला डोक्यावरून आंघोळ घातली, देवापुढे दिवा लावला आणि दोन दिवस माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहत राहिली. मी भूगोल शिकवते, पंचेचाळिशी ओलांडलेली बाई, कावळ्याला काय घाबरायचं? हसण्यावारी नेलं आणि गाडी पकडली.

नागपूरला मी गेले होते ती शिक्षकांच्या दोन आठवड्यांच्या शिबिरासाठी. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. डिसेंबरचे दिवस, वसतिगृहाच्या खोल्यांना दारं होती पण कड्या नव्हत्या, आणि थंडी अशी की सकाळी नळाखाली हात धरवत नसे. खाण्याची मात्र चंगळ होती. पोह्यांवर तर्री (तिखटजाळ रस्सा) ओतून खाणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्यातलीच एक झाले. सांबारवडी म्हटल्यावर मी डाळीच्या सांबारात बुडवलेली वडी येईल म्हणून बसले, तर कोथिंबिरीचं सारण भरलेली खमंग वडी पुढे आली. तिकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. माझ्या खोलीत सावनेरच्या मेश्रामबाई होत्या. त्यांच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, बाई स्वतः विज्ञान शिकवणाऱ्या. माझ्या डोक्यावरची जखम पाहून त्यांनी विचारलं आणि मी कावळ्याचं सांगितल्यावर म्हणाल्या, "आमच्या आजीनं भूत, देव, कावळे सगळं दीक्षाभूमीवर सोडून देल्लं. तुमच्याइकडे अजून सांभाळून ठेवलं काय?" मला त्यांचं हे तिरकस बोलणं आवडायचं.

शिबिर रविवारी सकाळी संपलं. माझी गाडी रात्रीची. पेटी स्टेशनवर ठेवून वेटिंग रूममध्ये स्वेटर विणत बसायचा माझा बेत होता. मेश्रामबाई सावनेरच्या बसला निघाल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "बसून काय करता? मैदानावर प्रदर्शनी लागली हाय. कलकत्त्याइकडची कंपनी आली म्हणतात, रुळावरून उडणारी गाडी हाय त्याईच्याजवळ. जा ना." मी म्हटलं, माझं काय वय आहे का? त्या म्हणाल्या, "मंग काय तिरडीवर बसायची वाट पाहून राहिल्या?" असं कुणी म्हटलं की मला जावंच लागतं. माझा स्वभाव आहे तसा.

मैदानाच्या फाटकातच गर्दीनं मला उचललं आणि आत नेऊन ठेवलं. कळमेश्वर, काटोल, कुठून कुठून बैलगाड्या आणि ट्रक भरून माणसं आलेली. धूळ इतकी की दुपारच्या उन्हालाही गढूळ रंग चढला होता. बांगड्यांची दुकानं, मौत का कुआँ, संत्र्यांचे ढीग, आणि या सगळ्यावर एक भोंगा. त्या भोंग्यावरून एक माणूस न थांबता हरवलेल्यांची नावं पुकारत होता. "कळमेश्वरहून आलेल्या गंगूबाई, तुमचे लोक गेटपाशी उभे हायत." "तुळशीराम, जिथं कुठी असशील तिथून ये." दर दोन मिनिटांनी नवं नाव. इतकी माणसं हरवत होती, पण कुणी सापडल्याचं त्यानं एकदाही सांगितलं नाही.

पहाडगाडी मैदानाच्या टोकाला होती. पाटी हिंदीत, पण लोक पहाडगाडीच म्हणत. लाकडी खांबांवर लोखंडी रूळ टाकून दोन टेकाडं केली होती. सहा लाल डबे, एका डब्यात दोघं. मोटार सुरू झाली की साखळी डब्यांना खट् खट् खट् करत चढावर ओढत नेई, आणि टोकाला पोचली की सोडून देई. एका तिकिटात तीन फेऱ्या. मी एकटी बसले, मांडीवरची आडवी दांडी घट्ट धरली, आणि पहिल्या उतारावर माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझ्या विद्यार्थिनींनी ऐकला असता तर मला पुन्हा वर्गात पाऊल टाकता आलं नसतं. डोळ्यांतून पाणी वाहिलं. आणि काय सांगू, मला ते इतकं आवडलं की उतरून पुन्हा रांगेत उभी राहिले. दुसऱ्यांदा बसले, मग पुढची चार तिकिटं एकदमच घेऊन ठेवली. तिकिटं फाडणारा गळ्यात मफलर गुंडाळलेला माणूस होता. तो म्हणाला, "बाई, सकाळपासून तुमच्यासारखं गिऱ्हाईक नाही पाहिलं." तिसऱ्यांदा बसून झाल्यावर मात्र जरा शांत काहीतरी करावं असं ठरवून मी आकाशपाळण्याकडे वळले.

पाळणा जुन्या पद्धतीचा, लाकडाचा. त्याला मोटार नव्हती. चार तरुण गडी अनवाणी पायांनी पाळण्याच्या आऱ्यांवरून सरसर वर चढत, टोकाजवळची दांडी पकडून लोंबकळत आणि आपल्या अंगाच्या भारानं पाळणा खाली ओढून आणत. मग पुन्हा चढत. आपण वर जात असताना हाताच्या अंतरावरून एक माणूस न बोलता खाली जाई, आणि पुढच्या फेरीला पुन्हा भेटे. मी वर पोचले तेव्हा भोंग्याचा आवाज अंधुक झाला. खालची गर्दी हलत होती, पण तिचा आवाज येत नव्हता. दूरवर कुठल्यातरी कारखान्याचा धूर उभा होता. मला उगीचच थंडी वाजली.

माणसं चढवण्यासाठी पाळणा थांबला. मी उजव्या बाजूला, मधल्या उंचीवर. समोर, पलीकडच्या बाजूला अगदी माझ्याच उंचीवरच्या पाळण्यात एक बाई एकटीच बसली होती. हिरवं लुगडं, पांढरे झालेले केस. ती माझ्याकडे पाहत होती. विमलताई होती ती.

बारा वर्षांत ती म्हातारी झाली होती, पण मी तिला हजारात ओळखली असती. माझं अंग तापलं. मीही नजर हलवली नाही. मनात म्हटलं, बघ, चांगली बघ. आणि तिनं काय करावं? आधी पदर तोंडावर धरला. मग दोन्ही हात जोडले, कपाळाला लावले आणि मान खाली घालून तशीच बसली. मला वाटलं, ही माझी थट्टा करते आहे. तेवढ्यात गड्यांनी भार टाकला, पाळणा फिरला, मी वर गेले आणि ती खाली. पुढच्या प्रत्येक फेरीला मी तिला पाहत होते आणि ती हात जोडलेलेच ठेवून होती. तिचे ओठ हलत होते.

ती माझ्याआधी उतरली. मी उतरले तेव्हा ती रसाच्या दुकानाजवळ एका तरुण पोटुशीबरोबर उभी होती, बहुधा सून असावी. सातवा-आठवा महिना असेल. मी सरळ त्यांच्याकडे चालू लागले. ठरवलं होतं, बारा वर्षांचं सगळं आज बोलून टाकायचं. विमलताईनं मला येताना पाहिलं, आणि पन्नाशी उलटलेली ती बाई सुनेला तिथेच टाकून पळत सुटली.

"आई, कुठी पळून राहिल्या तुम्ही?" सून मागून ओरडली.

मी मागे लागले. गर्दी तिला वाट देत होती आणि मला अडवत होती. ती वळून वळून पाहत होती आणि मी दिसले की आणखी जोरात पळत होती. भोंगा चालूच होता. माणसं माझ्या अंगावर आदळत आणि माफी न मागता पुढे जात. कुणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं, मी त्या गर्दीत असून नसल्यासारखी होते. तिची मला एवढी भीती वाटावी असं मी काय केलं होतं? तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं की ती सुनेपासून लांब लांब पळते आहे आणि मला आपल्यामागे ओढून नेते आहे.

ती पहाडगाडीच्या कठड्यात शिरली. मफलरवाल्याच्या हातात पैसे कोंबले आणि शेवटच्या डब्यात जाऊन बसली. मांडीवरची लोखंडी दांडी ओढून घेतली, दोन्ही हातांनी तिला मिठी मारावी तशी धरली. मी माझ्याकडचं तिकीट दिलं. "बाई, पुन्हा?" तो म्हणाला. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. डबा अरुंद, खांद्याला खांदा लागला. ती शहारली. गाडी सुरू झाली आणि साखळी खट् खट् करत आम्हाला वर ओढू लागली.

"लोखंडाले बी नाही भ्याली वं तू," ती म्हणाली.

"ताई," मी म्हणाले.

"बोलू नोको. आयक. सुनेच्या पोटात लेकरू हाय. तिच्याइकडे पाहू नोको, तिच्या अंगाले शिवू नोको. माह्यावर राग हाय ना तुहा? मंग मले ने."

मला वाटलं हिचं डोकं फिरलं. मी तिचा हात धरला. तिनं तो ओढला नाही. तिथेच राहू दिला आणि म्हणाली, "किती थंड हात हाय वं तुहा." लोखंडी दांडी धरून माझा हात गारठला होता. मी तोंड उघडणार तोच साखळी सुटली, गाडी खाली कोसळली, पुढचे दहाही जण किंचाळले. ती मात्र मुकाट बसली होती, डोळे मिटून.

पुन्हा चढ आला. बोलता यायचं ते चढावरच, उतारावर कुणाला काही ऐकू येणं शक्यच नव्हतं.

"मावशीचं कार्ड आलं," ती म्हणाली. "कोपरा फाडलेलं. हातात घेतलं तवाच समजली मी. तुह्या नावानं डोक्यावरून पाणी घेतलं. तीन दिवस चूल नाही पेटवली. दहा दिवस झाले, डोळ्याचं पाणी खळून नाही राहिलं, म्हणून सून आज इथं घेऊन आली. मले माहीत होतं तू येशील. तुही इच्छा राहून गेली."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे एक रीत आहे. कावळा माणसाच्या डोक्याला शिवला की त्याच्यावरचा मृत्यू टाळण्यासाठी ते माणूस गेल्याची खोटी बातमी लांबच्या नातेवाइकाला कळवतात. त्यानं ती खरी मानून रडायचं. एकदा अश्रू पडले की गंडांतर टळलं. मग दुसरं पत्र पाठवून, माणूस सुखरूप आहे म्हणून कळवायचं. आईनं ते पहिलं, मृत्यूच्या खबरीचा कोपरा फाडलेलं कार्ड मला न सांगता विमलताईला पाठवलं होतं, आणि दुसरं अजून पोचलं नव्हतं. विमलताईच्या लेखी मी दहा दिवसांपूर्वी मेले होते. मेलेल्या मला तिनं समोरच्या पाळण्यात पाहिलं होतं, आणि भूत लोखंडाला भितं म्हणून ती या गाडीत शिरली होती.

गाडी पुन्हा कोसळली. त्या उतारावर मी जिवंत आहे असं ओरडून सांगता आलं असतं. तिला चिमटा काढता आला असता. तुम्ही म्हणाल, मग काढला का नाही? तिची इच्छा-बिच्छा काय म्हणते हे मला ऐकायचं होतं, म्हणून. बारा वर्षांत तिनं तोंड उघडलं नव्हतं. जिवंत कुंदाला ती काही सांगणार नव्हती, आणि मेलेल्या कुंदाला सांगायला बसली होती. मी गप्प राहिले. हा माझा दुष्टपणा म्हणा हवं तर.

तिसऱ्या फेरीनंतर गाडी थांबली. लोक उतरले, दुसरे चढले. ती उठली नाही, मीही उठले नाही. मी मफलरवाल्यापुढे उरलेली दोन तिकिटं धरली. त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि ती फाडली. साखळी पुन्हा खडखडू लागली.

"काकाले ताप चढला तवा त्याच दिशी मी तारेचा मजकूर लिहून ठेवला होता," ती म्हणाली. माझ्या वडलांना ती काका म्हणायची. "सकाळी पाठवणार होती. राती त्याईनं डोळे उघडले, माह्याइकडे पाह्यलं अन् म्हणाले, कुंदा, कवा आली? मी म्हणणार होती, काका, मी विमल. अन् तोंडातून निघालं, आत्ताच आली, अण्णा."

गाडी खाली गेली. मी काहीच धरलं नव्हतं, डोकं मागच्या फळीवर आपटलं.

"वीस वर्षं तुमच्या घरात राह्यली मी," पुढच्या चढावर तिचा आवाज अगदी शांत होता. "त्याईनं काही कमी नाही केलं. पण तू अण्णा म्हणे अन् मी काका. पह्यल्यांदा अण्णा म्हणून पाह्यलं मी. त्याईनं माह्या केसातून हात फिरवला. तुह्या लहानपणीच्या गोष्टी सांगत अन् मी हो म्हणो. चार दिवस वं. तो कागद ट्रंकेवरच पडून होता. पाठवला असता त तू आली असती. तू आल्यावर मंग मी कोण?"

आणि उतार. आजूबाजूला हसणं, किंकाळ्या, कुणाची तरी टोपी उडून गेली. मी ओक्साबोक्शी रडत होते, ते वाऱ्यानं कुणाच्या लक्षात आलं नसेल. दुःखानं रडत होते असं समजू नका. मला तिचा इतका राग आला होता की त्या डब्यातून तिला ढकलून द्यावं. माझा बाप माझ्या नावानं हाक मारत होता आणि ही त्याला ओ देत होती. ती पूर्ण चार दिवस अण्णांची मुलगी होती, आणि मी वाईत मुलांना मान्सूनचे वारे शिकवत होते.

शेवटचा चढ. खाली मैदानावर संध्याकाळची धूसर सावली पसरायला लागली होती.

"दारात तू चोर म्हणाली ते खरं हाय," विमलताई म्हणाली. "तवा उत्तर देल्लं नाही. आता देल्लं. आता माफ केलं म्हण, कुंदा. माह्यासाठी नोको म्हणू. सुनेच्या पोटातल्यासाठी म्हण. अन् जाय तू सुखानं."

साखळी सुटायच्या आधी डबा क्षणभर टोकावर थांबतो. तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे मान वळवली. मी तिच्याकडे पाहिलं. हे मी शपथेवर सांगते, माझ्या तोंडून एक अक्षरही निघालं नाही. निघालं असतं तर ते माफीचं नसतं. गाडी कोसळली, वळणावर आपटत गेली आणि फलाटाशी येऊन थांबली. मी माझ्या बाजूनं उतरले आणि गर्दीत शिरले. एकदाच मागे वळून पाहिलं. ती डब्यात तशीच बसली होती, दांडीवर डोकं टेकून, आणि सून कठड्यापाशी हातात पाण्याचा लोटा धरून तिला हाका मारत होती.

स्टेशनवर मी दोन तास बाकड्यावर बसले. नंदनवन रिक्षानं फार लांब नव्हतं. जाऊन दार वाजवावं, म्हणावं, बाई, मी जिवंत आहे, पोटातल्याची काळजी करू नकोस, एवढं तरी. तीनदा उठले आणि तीनदा बसले. मग गाडी लागली आणि मी चढले. भुसावळपर्यंत डोळा लागला नाही. मेश्रामबाई असत्या तर त्यांनी मला चांगली झोडपली असती, तेच बरं झालं असतं.

घरी पोचल्या पोचल्या मी आईपुढे पेटी आदळली. "कावळ्याचं पत्र तू तिला पाठवलंस? मी त्याच गावात होते!"

"तू म्हणालीस ना, पायरी चढणार नाही. तुझ्या हट्टावर माझा देवाइतकाच भरवसा." आईनं शांतपणे मला पाणी दिलं. "आणि दुसरं कार्ड टाकलं आहे मी. तिचं रडून लिहिलेलं पत्र आलं त्याच दिवशी टाकलं. तू नागपुरात होतीस ते काही लिहिलं नाही. गावात असून भेटली नाहीस हे तिला का कळवायचं?"

"पण तिलाच का? नगरची काकी होती, मिरजेचे मामा होते."

आईनं रिकामा पेला माझ्या हातातून घेतला. "ते कार्ड खोटं रडून चालत नाही, कुंदा. तू गेलीस म्हणून खरं रडेल असं माणूस मला दुसरं कुठलं आठवेना."

मी आत जाऊन कपडे धुवायला काढले.

आठवड्यानं विमलताईचं पाकीट आलं, माझ्या नावानं, बारा वर्षांनी पहिलं. ती लिहिते शुद्धच, अण्णांनीच तिचं अक्षर घोटून घेतलं होतं. सुरुवातीला आईचं दुसरं कार्ड मिळाल्याचं, हळदकुंकू वाहून देवापुढे ठेवल्याचं लिहिलं होतं. मग असं: "तुला हे वाचून माझं डोकं ठिकाणावर नाही असं वाटेल. प्रदर्शनीत मला तू दिसलीस. माझ्या शेजारी येऊन बसलीस. मी तुला सगळं सांगितलं. काय सांगितलं ते इथे लिहिण्याचं बळ माझ्यात नाही. शेवटच्या उतारावर तू माझ्या कानाशी तोंड आणून म्हणालीस, केलं माफ, ताई, ते चार दिवस तुझेच. वाऱ्यात मला ते स्पष्ट ऐकू आलं, आवाज तुझाच. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या रात्री मला झोप लागली. आता मावशी लिहिते की तू जिवंत आहेस. मग ते म्हणणारी कोण होती? आणि तिनं केलेली माफी तुझी धरू का नको? एवढंच कळव."

मी ते पत्र तीन दिवस उशीखाली ठेवलं. पुन्हा पुन्हा तो उतार आठवून पाहिला. आमच्या पुढच्या डब्यात दोन कॉलेजातले मुलगे होते, ते नुसते ओरडत होते. मागे डबा नव्हता. माझे ओठ मिटलेले होते. आणि ते वाक्य! ते चार दिवस तुझेच. इतक्या मोठ्या मनाची बाई मी नाही. असं वाक्य मला सात जन्मांत सुचलं नसतं. रात्री दिवा मालवला की मला ते ऐकू येई, माझ्याच आवाजात, आणि अंगावर काटा उभा राही. पण चौथ्या रात्री जे ऐकू आलं त्याचा मला राग आला नाही. मी पडल्या पडल्या ते हळूच म्हणून पाहिलं. तोंडात बसलं.

सकाळी शाळेत जाण्याआधी टपालात जाऊन कार्ड घेतलं आणि तिथल्याच तिरक्या फळीवर उभ्यानं लिहिलं.

"ताई, ती मीच होते. मीच म्हणाले."